रुपालीची जन्मतारीख

पाथरी, गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

ज्ञानेश्वरी,

परभणीहून तू गाडीत बसलीस त्याला आज बारा दिवस झाले. गाडी पुढचं पेडगाव स्टेशन सोडेपर्यंत तू आईशी फोनवर बोलत होतीस आणि मी फलाटावर तिच्या शेजारीच उभा होतो. असो. माझा फोन तू उचलत नाहीस. काल आईनं तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला: "अप्पांना म्हणावं, काय बोलायचं असंल तर लिहून द्या. बोललेल्याला पुरावा नसतो असं तेच म्हणतेत ना." म्हणून लिहितोय. हातानं लिहून, आपल्या दुकानातल्या मशीनवर स्कॅन करून मेलनं पाठवतोय. टाईपही करता आलं असतं, पण टाईप केलेलं कुणाचंही असू शकतं.

ग्लासगोत थंडी सुरू झाली, खोली चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, हे मला आईकडून कळतं. तू पाठवलेला फोटो बघितला. संस्थेचं ओळखपत्र गळ्यात उलटं लटकतंय, कोरी बाजू लोकांकडं. नव्या माणसाकडं पहिल्या आठवड्यात सगळे बघत असतात. एवढं सरळ करून घे.

आई म्हणाली की पहिले चार दिवस तुला काम दिलंच नाही, नुसतं शिकवलं. मुलांची बाजू मांडणारी संस्था, म्हणून पहिला नियम असा की एखाद्या लेकराला धोका आहे असं कानावर आलं तर पोटात ठेवायचं नाही, चोवीस तासांत वरच्याला सांगायचं, मग धोका देणारा सख्खा का असेना. ऐकून गंमत वाटली. मी सव्वीस वर्षं तहसील कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितोय. आमच्या धंद्याचा नियम नेमका उलटा. माणूस समोर बसतो, आपली भानगड सांगतो, मी ती सरकारला कळेल अशा भाषेत लिहितो आणि विसरून जातो. अर्ज अर्जदाराचा असतो, लिहिणाऱ्याचा नसतो. नववीत शाळा सुटलेल्या माणसावर अख्खा तालुका उगाच भरवसा टाकत नाही. माझ्या हातचा एकही कागद आजवर चुकीसाठी परत आलेला नाही, हे तुला लहानपणापासून पाठ आहे.

आता मूळ मुद्दा. निघायच्या दिवशी सकाळी दुकानातल्या प्रिंटरवर तू एक कागद बघितलास. त्यावर रुपालीचं नाव होतं. रायभान माझा सख्खा धाकटा भाऊ आणि रुपाली त्याची लेक, तुझ्या कडेवर वाढलेली, हे तू मला त्या दिवशी ज्या आवाजात ऐकवलंस तो आवाज मी विसरलेलो नाही. पंधरा वर्षांची पोर, नववीत शिकते, तिला कागदावर अठराची करून ऊसतोडीला जायच्या आधी उजवायला निघालेत, असं तुझं म्हणणं.

तर लेखी उत्तर देतो. रुपालीच्या जन्मनोंदीचा कोणताही अर्ज मी कचेरीत दाखल केलेला नाही.

मोजे लोकरीचे वापर. सुती मोजा ओला झाला की वाळत नाही.

राधाकिशन

---

पाथरी, गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

ज्ञानेश्वरी,

तुझं उत्तर एका ओळीचं. "अप्पा, दाखल केला नाही असं तुम्ही लिहिलंय. लिहिला नाही, असं लिहिलेलं नाही."

तीनदा वाचलं. राग आला. आणि खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं. कचेरीतल्या एकाही साहेबानं माझं वाक्य इतकं नीट वाचलेलं नाही.

लिहिलाय.

आता तू विचारणार, कसा काय, म्हणून घडलं तसं सांगतो. पोळा झाल्यावर चौथ्या दिवशी, मंगळवारी, रायभान दुकानात आला. हातात घडी पडून मऊ झालेला कागद. माझ्याकडं यायच्या आधी तो स्टँडजवळच्या बन्सीधरकडं गेला होता. बन्सीधर म्हणजे तोच, 'सर्व ऑनलाईन कामे' असा फ्लेक्स लावून बसतो आणि अर्जदाराचं नाव कोणत्या रकान्यात येतं ते गिऱ्हाइकालाच विचारतो. त्यानं उशिराच्या जन्मनोंदीचा अर्ज लिहून दिला: रुपालीचा जन्म १२ जानेवारी २००७, राहत्या घरी, गावी. तो घेऊन रायभान ग्रामसेवकाकडं गेला, तर तिथं सगळ्यांसमोर हसू झालं. ग्रामसेवक म्हणाला, "जानेवारीत तुमच्या घराला कुलूप असतंय की रायभान. सारी टोळी कारखान्यावर. मग बाळंतपण काय कुलपानं केलं का?"

रायभान माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "दादा, तुज्या हातचा कागद कवा माघारी येत न्हाई. त्या बन्श्यानं पार इज्जत घालवली माजी."

मी म्हणालो, "पोरगी पंधराची हाय, रायभान."

"मंग? आठवीपत्तोर हंगामी वसतिगृह हुतं, तितं ठिवून जायचो. नववीला ते न्हाई. सहा महिने घरी कुणापाशी ठिवू? संगं न्यावं तर पाचटाच्या कोपीला दार नसतंय, दादा. तू कवा झोपलास का कोपीत?" उसाच्या फडावरची ती झोपडी मी लांबूनच बघितलेली. मग तोच म्हणाला, "पोरगा चांगलाय, पिंगळीकडचा. दारू पीत न्हाई. जोडी झाली की दोघांचा एक कोयता धरतेत. पर मुकादम बी आता भेतो, मागल्या साली पोलीस आल्ते लग्नात. म्हणतो, अठराचा कागद दाव, मगच टोळीत नाव."

यातली एकही गोष्ट खोटी नाही. ती तू तिथं बसून खोटी ठरवू नकोस.

मी कागद हातात घेतला. आणि ज्ञाना, पोरीच्या आधी मला ती चूक दिसली. जानेवारी! ऊसतोडीच्या घरातलं बाळंतपण गावी दाखवायचं तर ते पावसाळ्यातच पाहिजे, टोळी गावात असते तेव्हा. मी २१ ऑगस्ट २००७ घातली. श्रावणातला मंगळवार. रायभानचं लग्न २००६च्या वैशाखातलं, तेही बसतं. सुईण म्हणून जिचं नाव घातलं ती म्हातारी २०१९ला वारली, तिला कुणी बोलावणार नाही. शाळेत १ जून २०१० आहे, तर ती तारीख गुरुजींनी अंदाजानं टाकली असं एक कलम घातलं. आणि हे कलम तर खरंच आहे; त्या शाळेतली निम्मी पोरं १ जूनलाच जन्मलेली आहेत. लिहून झाल्यावर कागदात बोट ठेवायला जागा नव्हती. रायभाननं माझे पाय धरले.

तू आईला विचारलंस की रुपालीला आपल्याच घरी का ठेवत नाही. ते बोलणं माझं रायभानशी झालेलं आहे.

तुझ्या पहिल्या मीटिंगचं टिपण तुझ्या वरच्या साहेब मोरागबाईंनी तीनदा परत केलं, लाल शाईनं, असं ऐकलं. मला पाठव. मी बघतो काय चुकलं होतं ते. तुझ्या हातचं तीनदा परत येतं म्हणजे त्यांच्याकडं वाचायची रीत वेगळी असली पाहिजे.

राधाकिशन

---

पाथरी, गुरुवार, २५ सप्टेंबर २०२५

तुझा कागद मिळाला. इंग्रजीत आहे, पण मला वाचता येतं. गॅझेट वाचून शिकलोय, हे तू त्या लोकांना सांगितलं नसशील.

मोरागबाईंनी नव्या मुलींना 'माझ्या गावातलं एक लेकरू' यावर एक पान लिहायला सांगितलं आणि तू आपलं घर लिहिलंस. नाव नाही, नुसतं 'र'. पण चुलता आहे, कागद आहे, कचेरी आहे. टेबलाभोवती बसून नऊ परक्या माणसांनी तो कागद वाचला, असं तूच आईला सांगितलंस.

त्या पानात चार चुका आहेत. मी पन्नाशीचा नाही, मला एकावन्न पूर्ण आहेत. मी 'कारकून' नाही; कारकुनाला सरकार पगार देतं, मी कुणाचा नोकर नाही. आपला भाग 'कोरडा' म्हणून लिहिलास. या आठवड्यात गोदावरीचं पाणी कुठवर आलंय ते बातम्यांत बघ. आणि चुलत्यानं भावाच्या दबावाखाली कागद केला असं तू लिहिलंस. मला वाचवायला लिहिलंस, कळलं मला. पण दबाव कुणाचाही नव्हता.

बाकीच्या मजकुराबद्दल मला काही म्हणायचं नाही.

वाचून झाल्यावर मोरागबाईंनी तुला एकच प्रश्न विचारला म्हणे: ही मुलगी आज सुरक्षित आहे का? तू उठून बाहेर गेलीस. मग तिथून आपला १०९८, लेकरांच्या मदतीचा नंबर, लावून बघितलास. तो बाहेरदेशातून लागत नाही. मग आईला रडत म्हणालीस, "आई, तू लाव." ती माझ्याकडं बघत राहिली. मी चष्मा पुसत बसलो. तो नंबर तिथून लागत नाही हे ऐकून मला हायसं वाटलं. हेही लिहून ठेवतो, म्हणजे पाचवी चूक नको.

आई अजून फोनपाशी गेलेली नाही. सख्ख्या दिराच्या घरी पोलीस पाठवायचे म्हणजे काय, ते तिलाच माहीत. पण हल्ली ती भाकरी माझ्या ताटात वाढत नाही. टोपली समोर ठेवून जाते.

पुरामुळं कचेरीतली सगळी माणसं पंचनाम्याला गेली आहेत, म्हणून तारीख पुढं गेली. सुनावणी ९ ऑक्टोबरला आहे.

होय. सोमवारी दाखल केला.

राधाकिशन

---

पाथरी, शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

ज्ञाना,

चार दिवस तुझं काहीच आलं नाही. आईलाही फोन नाही. परवा तिनं मला मेल उघडून बघायला लावला, दोनदा. काल दसरा होता. रायभान, तुझी काकू अंबाबाई आणि रुपाली सोनं द्यायला आले. रायभान खुशीत होता. १२ तारखेला, रविवारी, लग्न धरलंय. मांडव नाही, वाजंत्री नाही, देवळासमोर उरकायचं. टोळी दिवाळीच्या पाडव्यानंतर निघणार. सगळं नवव्या तारखेच्या कागदावर अडकलंय.

ओळखदार मी आहे. अर्जदाराला मी ओळखतो आणि मजकूर खरा आहे, अशी सही ओळखदारानं अधिकाऱ्यासमोर करायची असते. रायभाननं दुसऱ्या कुणाचं नाव सुचवलं होतं. मीच म्हणालो, माझंच घाल, माझ्या सहीला प्रश्न विचारत नाहीत.

जेवणं झाल्यावर रुपालीला समोर बसवून उजळणी घेतली. कचेरीत नव्या आलेल्या तहसीलदार मॅडम मुलीला स्वतः विचारतात असं ऐकलं होतं, म्हणून तयारी पाहिजे. पोरगी तुझ्यासारखीच. एकदा सांगितलं की झालं.

"जन्म?"

"एकवीस ऑगस्ट दोन हजार सात."

"वार?"

"मंगळवार. श्रावणातला."

"ठिकाण?"

"राहत्या घरी."

"नऊ तारखेला वय किती भरतं?"

"अठरा वर्षं, एक महिना, अठरा दिवस." आणि दाताखाली ओठ धरून हसली. "आलं का न्हाई, मोठे अप्पा?"

"आलं."

मग चटईची काडी ओढत म्हणाली, "पर मोठे अप्पा, मंग मधली तीन वर्षं मी काय करत हुते म्हणून सांगू? अठराची हाय तर नववीतच कशी?"

"सांग, ऊसतोडीमुळं शाळा बुडली."

"बुडली न्हाई की!" तिला खरोखर राग आला. "मी वसतिगृहात राहून शिकलेय. एक दिवस खाडा न्हाई माझा. सरांना इचारा."

"ते कुणी विचारत नाही गं."

तुझी आई तेवढ्यात सुपारी घेऊन आली. रायभानच्या देखत म्हणाली, "मास्तर झालात की. पोरीला खोटं शिकवायला बी तुमच्यावानीच माणूस पाहिजे, येरागबाळ्याचं काम न्हाई." रायभान हसला, त्याला ती थट्टा वाटली. अंबाबाई हसली नाही. ती भिंतीला टेकून पोरीकडं बघत होती. दिवसभरात ती चार शब्द बोलली असेल नसेल.

जाताना रुपालीनं विचारलं, "ताईच्या हाफिसात म्हणं लहान लेकरं बी मीटिंगला खुर्चीवर बसतेत आन आपलं मत सांगतेत. खरं का?"

"खरं."

"मंग काय सांगतेत?"

मला माहीत नव्हतं. तू कधी लिहिलं नाहीस, किंवा मी विचारलं नाही.

तुझं टिपण आईकडून मिळालं, लाल खुणांसकट. मी वाचलं. भाषेची एकही चूक नाही. मोरागबाईंनी तिन्ही वेळा समासात एकच गोष्ट विचारली आहे: यात त्या मुलाचं स्वतःचं म्हणणं कुठं आहे? मी ते बाजूला ठेवून दिलं.

अप्पा

---

पाथरी, बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५, दुपारी तीन

ज्ञाना,

तुझा मेल सकाळी आला. उद्या तुमच्या वेळेनं ऑफिस उघडलं की तू जिल्ह्याच्या बाल संरक्षण कार्यालयाला रुपालीचं नाव, गाव, लग्नाची तारीख आणि माझं नाव, असं सगळं लेखी कळवणार आहेस. मोरागबाईंनी मुदत दिली आहे, त्यापुढं त्या स्वतः कळवणार. तू मला आधी सांगितलंस, हे बरं केलंस की वाईट ते मला कळत नाही. तू लिहिलंस: "अप्पा, मला एकाच प्रश्नाचं खरं उत्तर द्या. रुपालीला ठेवून घ्यायचं तुम्ही काकांना खरंच म्हणाला होतात का?"

नाही.

एकदाही नाही. त्या दिवशी तो समोर बसून "कुणापाशी ठिवू" असं विचारत होता आणि आपल्याकडं तुझी खोली रिकामी होणार होती, चार दिवसांनी. ते माझ्या मनात आलं. आलं आणि मी जानेवारीची चूक काढत बसलो. ठेवून घेतो म्हटलं असतं तर कागदाची गरजच उरली नसती. आणि बन्सीधरनं घाण केलेलं काम मला नीट करून दाखवायचं होतं.

यामागचं आणखी एक आहे, ते तुला कुणी सांगितलेलं नाही. मी सोळाचा होतो तेव्हा आमच्या बापाच्या जोडीला टोळीत एक माणूस कमी पडला. नंबर माझा होता. मी इथं तात्याराव अर्जनवीसाच्या हाताखाली नुकताच बसायला लागलो होतो. मी गेलो नाही. रायभान गेला. त्याला तेरावं होतं. माझ्या वाटचा कोयता त्यानं उचलला तो अजून खाली ठेवलेला नाही. "तू कवा झोपलास का कोपीत" असं तो म्हणाला ते यासाठी. आयुष्यात त्यानं माझ्याकडं एकच काम आणलं, आणि ते मला येत होतं. नाही कसं म्हणू?

हे कारण आहे. त्यानं रुपालीचं वय वाढत नाही, हे मलाही कळतं.

आता माझं एक मागणं आहे. लोकांसाठी हजारो लिहिले, स्वतःसाठी कधी लिहिलं नव्हतं, म्हणून नीट जमत नाहीये. उद्या सुनावणी साडेअकराला आहे. तुमच्याकडं तेव्हा सकाळचे सात. ऑफिस उघडेपर्यंत थांब. मी काय करणार ते मला आत्ता ठाऊक नाही, म्हणून वचन देत नाही. फक्त थांब.

अप्पा

---

पाथरी, शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

ज्ञाना,

काल तू फोन उचललास, पण मी तो आईकडं दिला. लिहितो.

आम्ही चौघं अकरालाच गेलो. रुपालीला अंबाबाईची जांभळी साडी नेसवली होती, वय दिसावं म्हणून. तिला ती सारखी पायात येत होती. मॅडम तिशीच्या आहेत, शांत बोलतात. माझा कागद बघून म्हणाल्या, "राधाकिशनराव, तुमचा कागद असला की माझं काम हलकं होतं." मग रुपालीला जवळ बोलावलं. तारीख विचारली. वार विचारला. वय विचारलं. पोरगी घडाघडा बोलली. शाळेचं विचारलं तेव्हा क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ऊसतोडीमुळं बुडली." मान खाली घालून. तिचं एकच म्हणणं खरं होतं, की खाडा नाही, आणि तेच तिनं माझ्यासाठी पुसलं.

मॅडम म्हणाल्या, "हुशार आहेस." आणि अर्ज माझ्याकडं सरकवला. "ओळखदार, इथं सही करा."

पेन माझंच होतं. टोपण काढलं. ज्ञाना, मी काही मोठा विचार केला असं समजू नकोस. मला फक्त एवढं दिसलं की ती पोर माझ्याकडं बघतेय, बरोबर आलं का म्हणून.

मी म्हणालो, "मॅडम, ही तारीख खरी नाही. ती मी तयार केली आहे."

रायभानला आधी कळलंच नाही. तो हसत होता. मग म्हणाला, "दादा, काय बोलायलास?"

मॅडमनी आपलं पेन खाली ठेवलं. "कशासाठी तयार केली?"

"लग्नासाठी. रविवारी आहे. पोरगी लहान आहे."

"मग खरी तारीख सांगा."

आणि मला ती सांगता येईना. खोटीचा वार, महिना, सुईण, सगळं मी जुळवलं होतं. खरी कोणती, हे मी रायभानला विचारलंच नव्हतं. शाळेतली १ जून तर मीच अर्जात अंदाजाची ठरवली होती. मॅडम रायभानकडं वळल्या. तो म्हणाला, "आमी अडाणी माणसं, साहेब. ध्येनात कुटं ऱ्हातंय."

तेव्हा दाराशी उभी असलेली अंबाबाई बोलली. डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढलेला, पण आवाज स्पष्ट.

"माघी पुनवेच्या आदल्या दिशी. दीस कासराभर वर आल्ता. गाडी भरायलो हुतो आमी. मी मोळी खाली ठिवली आन पाचटात बसले."

रायभान म्हणाला, "गप तू."

"का गप? ज्या साली थोरल्या सासूबाई गेल्या, त्या सालची माघी पुनव. ती पंधराची हाय, मॅडम. माघात सोळा भरतेल." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आजपत्तोर मला कुणी इचारलंच न्हाई. शाळेत बापाला इचारलं. हितं ह्येंनी लिवलं. पोटातनं मी काढली."

थोरल्या सासूबाई म्हणजे आपली आजी, ती जानेवारी २०१०ला गेली. दुकानात येऊन जुनं पंचांग काढून बघितलं. २९ जानेवारी २०१०, शुक्रवार. सव्वीस वर्षांत मी शेकडो जन्मतारखा लिहिल्या. त्या आईला विचारायच्या असतात, हे मला कधी सुचलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात. अर्ज फेटाळला. मॅडमनी तिथूनच बाल संरक्षण कार्यालयाला फोन लावला. रायभानकडून अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं हमीपत्र घेतलं. माझा जबाब एका नव्या कारकुनानं लिहून घेतला. त्यात माझं वय चुकवलं आणि दोन वाक्यं अर्धवट ठेवली. मी तसाच सही करून दिला. खोटं प्रतिज्ञापत्र तयार केल्याबद्दल काय करायचं ते वरून ठरेल. तोवर कचेरीसमोर टेबल लावायचं नाही. बन्सीधर दारातच उभा होता. त्यानं खिशातून पुडी काढून तोंडात टाकली.

पायऱ्या उतरल्यावर रायभान माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं मारतो. म्हणाला, "परक्याचं काय बी खपवलंस इतकी वर्षं. आन माज्याच येळंला तुला सत्य सुचलं."

मी म्हणालो, "रायभान, पोरीला माझ्याकडं ठेव. दहावी होईपर्यंत. पुढंही."

"आता म्हणतोस?"

"आता म्हणतोय."

तो थुंकला आणि स्टँडकडं चालू लागला. मागं वळला नाही. अंबाबाई त्याच्या मागं चार पावलं गेली, थांबली, परत आली आणि रुपालीचा हात तुझ्या आईच्या हातात दिला. तुझी आई आमच्या मागून येऊन बाहेर निंबाखाली बसलेली होती. अंबाबाई म्हणाली, "जाऊबाई, ह्येंचा राग उतरला की कापडं आणून देते. न्हाई उतरला तरी आणून देते." आणि नवऱ्यामागं पळत गेली.

बाल संरक्षण कार्यालयाला तुला लेखी कळवायचं असेल तर आता कळव. माझं नाव घातलंस तरी चालेल, घातलंच पाहिजे.

रुपाली कालपासून तुझ्या खोलीत आहे. साडी बदललेली नाही. आईनं ताट नेलं, तसंच परत आलं. आज सकाळी मी आत गेलो. तिला वाटतंय की मी उठून बोललो कारण तिचंच काहीतरी चुकलं. मी समजावू लागलो तर तिनं मध्येच थांबवलं. रडत म्हणाली, "मी एक बी चूक केली न्हवती, मोठे अप्पा. तुमी शिकवलं तस्संच सांगितलं. मंग माजं लगीन मोडलं, बा घरला नेईना. माजं काय चुकलं?"

मी बाहेर येऊन हे पत्र लिहायला बसलो. तुमच्या तिथं याचं उत्तर शिकवतात का? लेकराला हे कसं सांगायचं, कोणत्या शब्दांत सुरू करायचं? चुकलं तर मला परत पाठव, मी पुन्हा करीन. पण लवकर लिही. ती आतमध्ये बसून आहे.

अप्पा